राजकीय कैद्यांच्या छावण्या व आपले कर्तव्य

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)





समितीने आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, उत्तर कोरियातल्या राजकीय कैद्यांच्या छावण्या. समितीतले एक ज्येष्ठ लगेच म्हणाले, "अहो, आपल्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, पोरं शिकून बेकार बसलीत, आणि तुम्ही कोरियाचं काय घेऊन बसलात?" त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर आम्ही भाषणाच्या ओघात देऊ. पटलं तर घ्या, नाही पटलं तर इथेच विहारात सोडून द्या.

आमचं शिक्षण म्हणाल तर दहावी नापास. पुढचं सगळं शिक्षण सूतगिरणीच्या रिंग खात्यात, युनियनच्या अभ्यासवर्गात आणि याच विहाराच्या वाचनालयात झालं. तेव्हा विद्वानाचं भाषण म्हणून ऐकू नका, एका कामगाराने वाचलेलं सांगतोय म्हणून ऐका.

गेल्या वर्षी वर्षावासात अभ्यासवर्ग सुटल्यावर पाच-सहा पोरं पायरीवर बसून मोबाईलवर काहीतरी बघून हसत होती. आम्ही विचारलं, काय रे? तर उत्तर कोरियाचा हुकूमशहा किम जोंग उन. त्याचे केस, त्याचं पोट, त्याच्यापुढे टाळ्या वाजवणारे म्हातारे सेनापती. आमच्या टीव्हीवरही तेच चालतं. आम्हीही हसलो, खोटं कशाला बोला? पण घरी जाताना मनात आलं की या माणसाच्या देशात जी माणसं राहतात त्यांचं काय? ती तर कुठल्याच चित्रात दिसत नाहीत. राजा दिसतो, क्षेपणास्त्र दिसतं, पण माणूस दिसत नाही.

आमची पुतणी वकिलीचं शिकते. तिला म्हटलं, यावर काही खात्रीचं असेल तर काढ. तिने संयुक्त राष्ट्रसंघाच्या चौकशी आयोगाचा अहवाल काढला. आमचं इंग्रजी मोडकंतोडकं. दर रविवारी दुपारी ती वाचायची, मराठीत अर्थ सांगायची, आम्ही वहीत उतरवायचो. दोनशे पानी वही भरली. आज त्या वहीतलंच सांगतो.

२०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने हा आयोग नेमला. अध्यक्ष ऑस्ट्रेलियाचे निवृत्त न्यायमूर्ती मायकेल कर्बी. सोबत इंडोनेशियाचे मारझुकी दारुस्मान आणि सर्बियाच्या सोन्या बिसेर्को. उत्तर कोरियाने आयोगाला देशात पाऊल ठेवू दिलं नाही. तेव्हा आयोगाने सेऊल, टोकियो, लंडन आणि वॉशिंग्टन इथे उघड सुनावण्या घेतल्या. ऐंशीहून अधिक साक्षीदार लोकांसमोर बोलले, दोनशे चाळीसच्या वर लोकांनी गुप्तपणे जबान्या दिल्या. उपग्रहातून काढलेले फोटो ताडून बघितले. फेब्रुवारी २०१४ मध्ये अहवाल बाहेर आला. त्यात म्हटलं की चार मोठ्या छावण्यांत ८० हजार ते १ लाख २० हजार राजकीय कैदी आहेत, गेल्या पन्नास वर्षांत या छावण्यांत लाखो माणसं मेली, आणि हा मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे.

या छावणीला तिकडे क्वान्लिसो म्हणतात. अहवालाच्या वेळी केचोन, योदोक, ह्वासोंग, चोंगजिन या भागांत त्या होत्या. काही छावण्या तालुक्याएवढ्या पसरलेल्या, डोंगरदऱ्यांत, भोवती तारा आणि पहारे. आत खाणी आहेत, शेती आहे, लाकूडतोड आहे. न्यायालय नाही, वकील नाही, शिक्षेची मुदत नाही. रात्री गाडी येते आणि माणूस नाहीसा होतो. शेजाऱ्याने विचारायचं नाही. खायला मूठभर मका. साक्षीदारांनी सांगितलं की आम्ही गवत खाल्लं, उंदीर पकडून खाल्ले. पळायचा प्रयत्न केला तर गोळी, तीही इतर कैद्यांना समोर उभं करून.

आता कोणी म्हणेल की तुरुंग काय, सगळीकडेच असतात. तर बांधवांनो, इथे एक गोष्ट निराळी आहे आणि ती ऐकल्यावर आम्ही वही खाली ठेवली होती. या छावणीत गुन्हेगार एकटा जात नाही. त्याची बायको जाते, मुलं जातात, म्हातारे आईबाप जातात. आजोबाने केलेल्या अपराधासाठी नातू शिक्षा भोगतो. तीन पिढ्यांपर्यंत बीज निपटून काढायचं, हे धोरण देशाचा पहिला सत्ताधीश किम इल सुंग याच्या काळापासूनचं. आणि अपराध तरी कसला? नेत्याबद्दल वावगा शब्द, दक्षिण कोरियाला पळायचा प्रयत्न, कधी धर्मग्रंथ बाळगला म्हणून, कधी वरच्या गटबाजीत चुकीच्या बाजूला सापडला म्हणून.

कांग चोल ह्वान नावाचा मुलगा होता. त्याचं घराणं जपानमध्ये राहणाऱ्या कोरियन लोकांपैकी. १९५९ ते १९८४ या काळात जपानमधून सुमारे ९३ हजार माणसं 'आपला समाजवादी देश' म्हणून मोठ्या आशेने उत्तर कोरियात गेली, त्यांतलं हे एक कुटुंब. १९७७ साली आजोबा एके दिवशी नाहीसे झाले. मग घरी माणसं आली आणि आजी, वडील, काका, हा नऊ वर्षांचा मुलगा आणि त्याची धाकटी बहीण यांना योदोकच्या छावणीत नेलं. त्याला मासे पाळायचा नाद. जाताना त्याने माशांचं काचेचं भांडं उराशी धरून नेलं. आईला मात्र नेलं नाही, कारण तिच्या माहेरचं घराणं सरकारच्या दृष्टीने चांगलं होतं. तिचा घटस्फोट करवला. तो मुलगा दहा वर्षं आत राहिला आणि १९८७ साली सुटला. योदोकचा एक भाग असा होता की तिथून काही लोक सुटत. बाकीच्या भागाला 'संपूर्ण नियंत्रण क्षेत्र' म्हणत. तिथून जिवंत बाहेर यायची सोयच नव्हती. १९९२ साली कांग पळाला, चीनमार्गे दक्षिण कोरियात पोहोचला आणि त्याने पुस्तक लिहून जगाला हे सांगितलं.

या शिक्षेच्या मुळाशी एक व्यवस्था आहे, तिचं नाव सोंगबुन. किम इल सुंगच्या राजवटीने सगळ्या जनतेची तीन वर्गांत वाटणी केली. एक विश्वासातला, दुसरा डळमळीत आणि तिसरा शत्रूवर्ग. त्यांचे पुन्हा पन्नासच्या वर पोटभेद. कोण कुठल्या वर्गात, हे कशावरून ठरलं? जपानी राजवटीत तुझा आजोबा जमीनदार होता की मजूर, १९५० च्या लढाईत तो कुठल्या बाजूला होता, यावरून. राजधानी प्योंगयांगमध्ये राहता येईल का, कॉलेजात जाता येईल का, लष्करात घेतील का, की खाणीत पाठवतील, हे पुष्कळसं या वर्गावर. लग्न जमवतानासुद्धा हेच बघतात.

आया-बहिणींनो, याला आपल्या भाषेत शब्द आहे. तो शब्द आम्ही वेगळा सांगायला नको. तिथे मनुस्मृती नाही, शिवाशीव नाही, हे आम्ही मान्य करतो. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण माणूस काय करतो यापेक्षा तो कुणाच्या पोटी आला यावर त्याचं आयुष्य ठरवायचं, हे मूळ एकच. तथागतांनी वसल सुत्तात सांगितलं की माणूस जन्माने नीच ठरत नाही, कर्माने ठरतो. अंगुलिमालासारख्या खुन्यालाही त्यांनी त्याच्या स्वतःच्या कृतीवरून तोललं. त्याच्या आईला कुणी बेड्या घातल्या नाहीत. ज्याचं कर्म त्याचं. हा आपल्या धम्माचा पाया आहे, आणि उत्तर कोरियाची छावणी त्या पायावरच घाव घालते. म्हणून हा विषय विहारातला आहे.

आपल्या सोलापूरकरांना तर हे कळायला पुस्तक लागत नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कैकाडी, पारधी, भामटे, मांग गारुडी अशा जमातींत जन्माला आलेलं मूल जन्मतःच गुन्हेगार. आपल्या इथल्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात त्यांना कोंडलं. सकाळ-संध्याकाळ हजेरी, बाहेर जायचं तर पास. त्यातली कितीतरी माणसं इथल्या गिरण्यांत राबली. आमच्या खात्यातल्या एका जोडीदाराचा आजा त्या कुंपणात होता. तो सांगायचा, आज्याला म्हातारपणीसुद्धा भोंगा झाला की हजेरीला उठल्यासारखं दचकायला व्हायचं. हा कायदा १९५२ साली ३१ ऑगस्टला देशभरातून रद्द झाला, म्हणून आपण विमुक्त दिन पाळतो. त्या सेटलमेंटमध्ये आणि योदोकमध्ये फार अंतर आहे, तेही आम्ही जाणतो. पण ज्याच्या शेजारी तारेचं कुंपण होतं त्याने 'कोरियाचं आपल्याला काय' असं म्हणावं का, एवढंच आमचं विचारणं आहे.

आता एक कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय पुढे बोलायचा आम्हाला अधिकार नाही.

आम्ही तरुणपणापासून लाल बावट्याच्या युनियनमध्ये. त्या युनियनने आम्हाला ताठ उभं राहायला शिकवलं, पगारवाढ मिळवून दिली, मुकादमाच्या शिव्या बंद केल्या. ते उपकार आम्ही विसरणार नाही. अभ्यासवर्गात ऐकलं होतं की कोरियात कामगारांचं राज्य आहे. २०१४ साली, तिसऱ्या पाळीत, चहाच्या वेळेला एक तरुण कामगार पेपर घेऊन आला. त्यात या अहवालाची बातमी होती. तो म्हणाला, "मामा, हे खरं असेल का हो?" आम्ही दहा जणांसमोर त्याला झापलं. म्हटलं, ही भांडवलदारांच्या पेपरातली बातमी, अमेरिकेचा प्रचार, तू कुणाचं मीठ खातोस? पोरगा गप्प झाला. पुन्हा त्याने आमच्यापुढे कुठला पेपर उघडला नाही.

वही पुरी झाल्यावर आम्ही त्याचा नंबर शोधला. तो आता पुण्याला सिक्युरिटीत आहे. फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "मामा, मला तर आठवतही नाही." त्याला आठवत नाही, पण आम्हाला आठवतं. छावणीतल्या माणसाला गप्प करायला तिथे पहारेकरी लागतो. बाहेर त्याचा आवाज दाबायला आमच्यासारखा भला माणूस पुरतो.

बाबासाहेबांनी हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला होता, आम्ही नीट वाचलं नव्हतं इतकंच. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत ते बुद्ध आणि मार्क्स यावर बोलले. दोन आठवड्यांनी त्यांचं महापरिनिर्वाण झालं. दुःख आणि दारिद्र्य नष्ट करायचं हे दोघांचंही ध्येय त्यांनी मान्य केलं. पण बळजबरीने आणि हुकूमशाहीने उभं केलेलं टिकत नाही, मन बदलल्याशिवाय समाज बदलत नाही, हा तिथे त्यांचा मुद्दा होता. तेव्हा छावणीवर बोलणं म्हणजे कामगारांशी गद्दारी नव्हे. त्या छावणीत दगडी कोळसा खणणारा माणूसही कामगारच आहे, आणि त्याला युनियन नाही.

'हा प्रचार कशावरून नाही?' हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. बुद्धांनी कालामांना तेच सांगितलं, तपासून घ्या. शिन डोंग ह्युक नावाच्या पळून आलेल्या माणसाची कहाणी जगभर गाजली होती. जानेवारी २०१५ मध्ये त्याने कबूल केलं की त्यातले काही तपशील त्याने बदलून सांगितले होते. उत्तर कोरियाने लगेच ओरड केली की बघा, सगळंच खोटं. पण आयोगाचा निष्कर्ष एका शिनवर उभा नव्हता. तीनशेवर माणसं, वेगवेगळ्या वर्षी सुटलेली, तीच गोष्ट सांगतात. आन म्योंग चोल तर स्वतः पहारेकरी होता. कैदी म्हणजे देशाचे शत्रू, त्यांना माणूस समजू नका, असं त्याला शिकवलेलं. पुढे तो छावणीत गाडी चालवू लागला, कैद्यांशी बोलू लागला. तेव्हा त्याला कळलं की बहुतेकांना आपण आत का आहोत हेच माहीत नाही. पुढे त्याचा बाप दारूच्या नशेत वरिष्ठांबद्दल बोलून गेला आणि भीतीने त्याने आत्महत्या केली. घरच्यांना पकडलं. आपल्यालाही आत टाकणार हे ओळखून १९९४ साली आन नदी ओलांडून पळाला. काल पहारेकरी, उद्या कैदी. आणि सरकारला एवढीच खात्री असेल की हे खोटं आहे, तर दार उघडून दाखवावं. ते दार आजवर उघडलेलं नाही.

मग बाहेरच्या जगाने काय करावं?

काही म्हणतात, हल्ला करा. १९५० ते ५३ च्या कोरियन युद्धात लाखो माणसं मेली आणि सरहद्द होती जवळपास तिथेच राहिली. शिवाय युद्ध पेटलं तर कैद्यांना मारून टाका, पुरावा ठेवू नका, असे हुकूम असल्याचं आयोगापुढे सांगितलं गेलं. ज्यांना सोडवायला जायचं तेच आधी मरणार.

काही म्हणतात, सगळा व्यापार बंद करून उपाशी पाडा. १९९० नंतरच्या दशकात तिथे दुष्काळ पडला, लाखो लोक भुकेने मेले, पण राजवाड्यातली चूल विझली नाही. उपासमारीत आधी मरतो तो शत्रूवर्गातला गरीब. आयोगानेही स्पष्ट लिहिलं की सबंध जनतेवर किंवा सबंध अर्थव्यवस्थेवर नेम धरणारे निर्बंध नकोत, जे जबाबदार आहेत त्यांच्यावर धरा. अन्न आणि औषध राजकारणात ओढू नये. २०२० साली भारताने जागतिक आरोग्य संघटनेमार्फत तिथे क्षयाची औषधं पाठवली, ते योग्यच केलं.

आणि काही म्हणतात, दुसऱ्याच्या घरात कशाला डोकवा? बांधवांनो, गावकुसाबाहेरच्या माणसांबद्दलही गाव हेच म्हणत होतं, 'हा आमच्या गावचा रिवाज आहे.' तो रिवाज जगापुढे नेण्यासाठी बाबासाहेब गोलमेज परिषदेला लंडनला गेले. आपला प्रश्न बाहेर मांडला तो न्याय, आणि कोरियन माणसाचा मांडला तो चोंबडेपणा, असं कसं चालेल?

मग उरतं काय? आमच्या मते तीन कामं उरतात.

पहिलं काम पंचनाम्याचं. गिरणीत साच्यात कुणाचा हात गेला की आम्ही आधी पंचनामा करायला धावतो. कारण आज पंचनामा नसेल तर उद्या भरपाईचा दावा उभाच राहत नाही. छावणीचंही तसंच. २०१५ पासून संयुक्त राष्ट्रांचं एक कार्यालय सेऊलमध्ये पळून आलेल्यांच्या जबान्या लिहून ठेवण्याचं काम करतं. होएरयोंगची २२ नंबरची छावणी २०१२ च्या सुमारास बंद झाली. तिथले हजारो कैदी कुठे गेले याचा हिशेब राजवटीने दिलेला नाही. तो हिशेब मागत राहायचं. नुसत्या कागदाने काय होतं असं म्हणू नका. अहवालाने हे प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे द्यावं असं सुचवलं, तेव्हा जी राजवट कुणाला दारात उभं करत नव्हती तिचे अधिकारी त्याच वर्षी धावपळ करू लागले. न्यायालयाचा उल्लेख काढा, मग तुमच्या प्रतिनिधीला भेट देऊ, अशी बोलणी त्यांनी केली. म्हणजे कागद झोंबतो. डिसेंबर २०१४ मध्ये महासभेत ठराव ११६ विरुद्ध २० मतांनी मंजूर झाला, ५३ देश तटस्थ राहिले. त्या तटस्थांत आपला भारत होता, हे आम्ही दुःखाने सांगतो. सुरक्षा परिषदेत चीन आणि रशियाचा नकाराधिकार आडवा असल्याने प्रकरण न्यायालयापर्यंत गेलंच नाही. २०२५ साली संयुक्त राष्ट्रांनी पुन्हा आढावा घेतला, तेव्हाही निदान चार छावण्या चालू असल्याचं आणि परिस्थिती सुधारली नसल्याचं नमूद केलं. काम लांबचं आहे. पण रशियातल्या छावण्याही कायमच्याच वाटत होत्या. १९५३ साली स्टालिन मेला आणि काही वर्षांत लाखो माणसं घरी परतली.

दुसरं काम, पळून आलेल्याला परत पाठवू नये. उत्तर कोरियातून माणूस बहुधा चीनमध्ये पळतो. चीनने निर्वासितांच्या करारावर १९८२ सालीच सही केली आहे. तरी या माणसांना पोटासाठी घुसलेले ठरवून तो परत धाडतो आणि परत गेलेल्यांच्या वाट्याला मारहाण, सक्तमजुरी, कधी छावणी येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेकडो लोकांना असं पाठवल्याचं मानवी हक्क संघटनांनी सांगितलं. ज्या चिनी लोकांच्या सेवेसाठी आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली गेले आणि १९४२ साली तिथेच मेले, त्या देशाला 'दारात आलेल्याला ढकलू नका' असं सांगायचा सोलापूरकराला अधिकार आहे.

आणि कोरियाशी आपल्या मराठी माणसाचा एक जुना संबंध आहे, तो पोरांना माहीत असावा. १९५३ साली युद्ध थांबलं तेव्हा वीस हजारांहून अधिक युद्धकैदी असे होते की आम्ही आमच्या देशात परत जाणार नाही म्हणत होते. त्यांचं काय करायचं यासाठी पाच तटस्थ देशांचं मंडळ नेमलं, अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या. कैद्यांची राखण करायला जी भारतीय फौज गेली तिचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या, पण कुणालाही त्याच्या मर्जीविरुद्ध परत ढकलायचं नाही हे तत्त्व भारताने सांभाळलं. ऐंशीहून अधिक कैदी तर त्या फौजेबरोबर भारतात आले. तेव्हा नवा, गरीब देश होता आपला. तेव्हा जमलं ते आज का जमू नये?

तिसरं काम आपल्या घरचं. दुसऱ्याला सांगताना आपलं अंगण झाडावं लागतं. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे आपल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे जवळपास तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत नाही असे. तुरुंगाच्या नियमावलीत झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवरून ठरवणारी कलमं होती, ती सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली. निर्वासितांच्या करारावर भारताने अजून सही केलेली नाही. हे सगळं सांगायला हवं. पण आपलं अंगण खराब आहे म्हणून शेजाऱ्याच्या घरातली किंकाळी ऐकायची नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. फरक एवढा की आम्ही इथे माईकवर उभं राहून सरकारच्या चुका सांगतो आणि रात्री घरी जाऊन झोपतो. सरकारने विनाकारण उचललं तर बत्तिसाव्या कलमाने थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. बाबासाहेबांनी दिलेली ही वस्तू केवढी मोलाची आहे हे योदोकची गोष्ट वाचल्यावर कळतं. आणि ती वापरली नाही तर गंजते, हेही कळतं.

आता त्या ज्येष्ठांच्या प्रश्नाकडे येतो. पाण्याचं आधी की कोरियाचं आधी? आमचं म्हणणं, दोन्ही एकाच तोंडाने बोलायचं असतं. ज्या तोंडाला दुसऱ्याच्या अन्यायावर गप्प बसायची सवय लागते ते तोंड आपल्या अन्यायावरही हळूहळू गप्प बसतं. परवा पाण्यासाठी मोर्चा निघेल, त्यात आम्ही पुढे असू. आणि बौद्ध धम्म इसवी सन ३७२ साली कोरियाच्या उत्तरेकडच्याच राज्यात पहिल्यांदा पोहोचला. नातं लावायचं म्हटलं तर ती आपल्याच घरची माणसं आहेत. पण नातं नसतं तरी फरक पडला नसता. मेत्ता सोयरीक बघून करायची नसते.

समितीपुढे आमच्या तीन लहान सूचना आहेत. पहिली, दरवर्षी १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनी, विहारात अर्धा तास या कैद्यांसाठी द्यावा. एका सुटलेल्या माणसाची हकीकत वाचावी आणि मेत्ता भावना करावी. दुसरी, आपल्या खासदारांना विहाराच्या लेटरहेडवर पत्र द्यावं. १९७३ पासून भारताचे उत्तर कोरियाशी राजनैतिक संबंध आहेत. त्या संबंधांचा उपयोग करून रेडक्रॉसला छावण्यांत जाऊ द्या असं भारताने सांगावं आणि पुन्हा कधी मत द्यायची वेळ आली तर तटस्थ राहू नये, एवढीच मागणी. तिसरी सूचना पोरांसाठी. मोबाईलवर त्या राजाची गंमत आली तर हसा, आमची ना नाही. पण त्या रात्री आमची वही मागून न्या आणि चार पानं वाचा. वही वाचनालयात ठेवली आहे. अक्षर वाईट आहे, समजून घ्या.

काचेच्या भांड्यातले मासे घेऊन छावणीत गेलेल्या त्या नऊ वर्षांच्या मुलाने काही केलेलं नव्हतं. त्याच्यासारखी मुलं आजही आत असतील. त्यांना आपली हाक ऐकू जाणार नाही. पण आपल्यातल्या कुणी विचारलं, "हे खरं असेल का हो?" तर त्याला गप्प करू नका. आम्ही केलं होतं.



भवतु सब्ब मंगलम्! नमो बुद्धाय! जयभीम!